चित्रातल्या बाईचं नाव काय?

(बेसा येथे कष्टकरी बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



बेसा चौकातून इकडे येताना एका नव्या सोसायटीची लांबलचक भिंत लागते. तुमच्यापैकी बऱ्याच जणी रोज सकाळी त्या भिंतीजवळूनच कामाला जाता. त्या भिंतीवर कुणीतरी हौसेनं चित्रं रंगवून घेतली आहेत. जात्यावर दळणारी बाई आहे, डोक्यावर दोन हंडे घेतलेली बाई आहे, चाकावर कुंभार आहे आणि शेजारी हातावर हात ठेवून हसत बसलेली त्याची बायको आहे. सगळ्यांची लुगडी कोरी करकरीत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आपले पारंपरिक व्यवसाय'.

त्या भिंतीसमोर मी आपल्या चौघीजणींबरोबर उभी होते. त्यातली एक ह्याच सोसायटीच्या बांधकामावर दोन वर्षं विटा आणि रेती वाहत होती. ती चित्राकडे पाहत म्हणाली, "ताई, हे बाई काम करून नाही राहिली, फोटो काढून राहिली." दुसरी म्हणाली, "जात्यावर अशी दोन्ही पाय दुमडून बसली तर दळण होईल का व? एक पाय लांब पाहिजे ना." तिसरी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भिंत आपण बांधली, मंग चित्रात आपण काहून नाही?"

आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे. चित्रांवर बोलणार म्हटल्यावर आपल्यातल्याच एका कार्यकर्तीनं कपाळाला आठ्या घातल्या. पगार, रजा, रेशनकार्ड एवढे प्रश्न असताना चित्रं कशाला? पण बाईचं काम कुणी कसं पाहिलं, कुणी ते कागदावर उतरवलं आणि खाली काय लिहिलं, ह्याचा आपल्या पगाराशी संबंध आहे. तो कसा, ते शेवटी येईलच.

धंदे आणि पोषाख दाखवणाऱ्या चित्रांची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी इकडे स्थिरावले. त्यांना मायदेशी न्यायला, घरच्यांना दाखवायला ह्या देशातल्या माणसांची चित्रं हवी होती. कॅमेरा अजून यायचा होता. मुर्शिदाबाद, पाटणा, लखनौ, दिल्ली, तंजावर इथल्या चितारी लोकांनी ही मागणी पुरी केली. तंजावर म्हणजे आपल्या भोसल्यांचंच राज्य, दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ गादीवर होते. तिथे जोडीची चित्रं फार काढली गेली. विलायती कागदावर एक पुरुष, त्याच्या हातात धंद्याचं हत्यार, शेजारी त्याची बायको. मागे काही नाही, फार तर थोडीशी जमीन आणि आभाळ. खाली जातीचं आणि धंद्याचं नाव. अमुक जातीचा विणकर व त्याची बायको. अमुक जातीचा तेली व त्याची बायको.

विणकर आणि त्याची बायको. आता आपल्या नागपुरात कोष्टी आणि हलबा बायका काय करत आल्या, ते इथल्या कुणालाही विचारा. सूत उकलणं, कांड्या भरणं, ताणा करणं, खळ लावणं, मग लुगडं निघाल्यावर त्याची घडी. मागावर बसण्याआधीचं सगळं काम बाईचं, आणि पुष्कळ घरांत मागावरही तीच. उमरेड, भिवापूर, पवनीकडची जुनी माणसं सांगतील की घरात कांडी भरणारं कुणी नसेल तर माग बंद पडतो. पण विणकर तो, आणि ती विणकराची बायको. हे त्या चितारी लोकांनीच शोधून काढलं असं मी म्हणणार नाही. घरातही तसंच म्हणत. फरक एवढाच की बोललेलं हवेत जातं आणि कागदावरचं टिकतं. २०१९-२० साली देशातल्या हातमाग कामगारांची चौथी गणना झाली. तिच्यात शंभरातल्या सुमारे बहात्तर कामगार स्त्रिया निघाल्या. तरी आजही 'विणकर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो. माझ्याही येतो, खोटं कशाला बोलू.

ह्या चित्रांतला एक प्रकार मला फार अस्वस्थ करतो. अभ्रक म्हणजे ते काचेसारखं चकाकणारं खनिज, त्याच्या पातळ पापुद्र्यावर चित्रं काढायचे. तिरुचिरापल्ली, पाटणा, बनारस इकडे हे काम चाले. त्यात एक गंमतीचा संच असे. एका जाड कागदावर नुसता चेहरा काढलेला. सोबत अभ्रकाचे बरेच पापुद्रे. त्यांच्यावर फक्त कपडे, दागिने, हातातली अवजारं, आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नाही, आरपार. एक पापुद्रा चेहऱ्यावर ठेवला की त्या चेहऱ्याचा पाणक्या होतो. तो उचलून दुसरा ठेवला की शिपाई. तिसरा ठेवला की नाचणारी. साहेबाच्या घरची मुलं हा खेळ खेळत असतील. चेहरा एकच, बदलतात ते फक्त कपडे. कोण आहे, तिचं काय दुखतंय, तिला मुलं किती, हा प्रश्नच नाही. पोषाख म्हणजेच माणूस.

आज शाळांमध्ये फॅन्सी ड्रेस असतो. आपल्या मुलींना आपण कोळीण करतो, भाजीवाली करतो, डोक्यावर टोपली देतो. लेकरं गोड दिसतात, मीही टाळ्या वाजवते. पण खरी भाजीवाली शाळेच्या फाटकाबाहेर बसली की तिला उठवायला शिपाई पाठवतात, तेव्हा मला तो अभ्रकाचा संच आठवतो.

चितारी लोकांवर मात्र माझा राग नाही. तेही कारागीरच होते, आणि बहुतेकांची नावं त्या चित्रांखाली नाहीत. पुण्यात गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. इंग्रजांचा पेशव्यांकडचा वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्यासाठी त्यानं वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातली जनावरं काढली. त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, हीच अपवादाची गोष्ट आहे. आडनावावरूनच कळतं की घर तांबटांचं, भांडी घडवणाऱ्यांचं. काढणाऱ्याचंही नाव नाही आणि जिचं काढलं तिचंही नाही. नाव असे ते संच विकत घेणाऱ्याचं.

१८५७ नंतर सरकारला माणसं अधिक बारकाईनं मोजायची होती. आता हाताशी कॅमेरा होता. १८६८ ते १८७५ ह्या काळात 'पीपल ऑफ इंडिया' नावाचे फोटोंचे आठ खंड निघाले. जातवार, जमातवार फोटो आणि खाली वर्णन. ह्यातली कोण भरवशाची, कोण चोर, असले शेरे त्यात आहेत. आणि ह्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पारध्यांच्या बाईला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलीस अजून तिच्या लुगड्यावरून आणि कपाळावरच्या गोंदणावरून तिला ओळखतात. पोषाखाची नोंद ठेवणं हे दिसतं तेवढं भोळं काम नव्हतं.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार जाडजूड खंड निघाले. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. त्या खंडांत फोटो आहेत. त्यात दळणाऱ्या आणि कांडणाऱ्या बायका आहेत, ताण्याला खळ लावणारी माणसं आहेत, सूत भरणं आहे. कपाळाला लावायच्या टिकल्यांचं तर एक अख्खं रंगीत पान आहे. टिकल्यांचे इतके प्रकार त्यांनी जमवले, त्या लावणाऱ्या एकीलाही नाव विचारलं नाही. आणि तरीही हे खंड मी टाकून देणार नाही. कुठल्या जातीत घटस्फोट होता, कुठे पाट लागायचा, विधवेला काय मिळायचं, हे आपल्याला आज त्यांतूनच काढावं लागतं. शत्रूच्या वहीत आपला हिशेब सापडतो, असं कधी कधी होतं.

आता आपल्या माणसाच्या चित्रांकडे येते. महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७, कोल्हापूर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच पुढे आयुष्यभर शिकवलं. १९४४ साली गेले. तुमच्या आजीच्या घरात देवाची छापील तसबीर असेल तर त्यांच्या हातची असायची बरीच शक्यता. पण त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं जशी काढली तशी दुसऱ्या कुणी काढली नसतील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डं निघाली. त्यात मासे विकणाऱ्या कोळणी आहेत, ओझं वाहणारी बाई आहे. एका आण्या-दोन आण्याला मिळणारी चित्रं. १९२० साली ऑटो रॉथफेल्ड ह्या सनदी अधिकाऱ्यानं 'विमेन ऑफ इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रं आहेत. सरदार घराण्यातल्या बायका वेगळ्या, मध्यम वर्गातल्या वेगळ्या, आणि 'कष्टकरी व आदिवासी' म्हणून एक वेगळं प्रकरण. नाचणाऱ्या बायकांचं एक आणि पोषाखाचं एक. गिरणीत काम करणारी बाई आहे, झाडूवाली आहे, अहमदाबादची कापड रंगवणारी पोरगी आहे, गोंड बाई आहे.

त्या चित्रांच्या छापील प्रती मी आज आणल्या आहेत, त्या तुमच्या हातांत फिरताहेत. पाहा. कागद खराब होईल म्हणून घाबरू नका, झेरॉक्सच आहेत.

मजकूर साहेबाचा आहे, आणि त्यात साहेबाची नजर आहे. बाईचा बांधा, चाल, डोळे, कुठल्या जातीची किती देखणी. बाजारात गाय पाहावी तसं. तो वाचून मला दोनदा पुस्तक मिटावं लागलं. पण चित्रं मजकुराचं सगळं ऐकत नाहीत. धुरंधरांचा हात रस्त्यावर फिरून तयार झालेला होता. ओझ्यानं मान कशी ताठ होते, नऊवारीचा काष्टा कामाला कसा मोकळा असतो, पदर खोचला की बाई कशी दोन हातांची चार हातांची होते, हे त्यांना ठाऊक होतं. लुगड्याचा कासोटा म्हणजे मर्यादा, संस्कृती वगैरे नंतर आलं. आधी तो चिखलात उतरायला, झाडावर चढायला, ओझं उचलायला होता.

ह्याच सुमाराच्या थोडं आधी, १८८९ साली, राजा रविवर्म्यानं अकरा वादक-गायक स्त्रियांचं एक मोठं चित्र काढलं. निरनिराळ्या प्रांतांच्या, निरनिराळ्या पोषाखांतल्या बायका. आता ते म्हैसूरला आहे. फार सुंदर आहे. पण कुणाच्याच हाताला काम नाही, वाद्य आहे. रविवर्म्यानंच नऊवारी नेसलेल्या देवी घराघरांत पोचवल्या. धुरंधरांच्या झाडूवालीला मात्र कुणी भिंतीवर टांगलं नाही.

ही गिरणीतली बाई पुन्हा पाहा. आपल्याला लहानपणापासून सांगतात की बाई पूर्वी घरात असायची, चूल आणि मूल, आता बाहेर पडली. कुठली बाई घरात होती? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत पाचांतला सुमारे एक कामगार बाई होती. सूत गुंडाळायची, लडी करायची खाती तर बायकांचीच. आपल्या नागपुरात १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथेही बायका होत्या. पुढे नवी यंत्रं आली, रात्रपाळीला बायका नकोत असे नियम आले, आणि बायकांची संख्या कमी कमी होत गेली. नियम बायकांच्या भल्यासाठीच होते. पण मालकानं त्याचा अर्थ लावला, बाई परवडत नाही. २००२ साली एम्प्रेसही बंद झाली, आता त्या जागेवर मॉल आणि घरं आहेत. म्हणजे बाई घरातून बाहेर आली असं नाही. कारखान्यातून तिला बाहेर काढलं, आणि मग ती तुमच्यासारखी दुसऱ्यांच्या घरात धुणीभांडी करायला गेली. हे चित्र हातात असलं की हा वाद जिंकायला सोपं जातं.

पण पोषाखाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ह्या सगळ्या चित्रांत पोषाख असा दाखवतात की जणू ती त्या बाईची आवड आहे. अमुक जातीच्या बायका गुडघ्यापर्यंत लुगडं नेसतात. अमुक जातीच्या बायका कथलाचे दागिने घालतात. 'घालतात' नव्हे, घालावे लागत. चांगलं लुगडं घोट्यापर्यंत नेसलं तर गावचे लोक अंगावर येत. सोनं घालायची मुभाच नव्हती. ब्राह्मणाघरच्या विधवेचं तांबडं आलवण आणि भादरलेलं डोकं हेही चित्रांत 'पोषाख' म्हणून येईल, 'विधवेचा वेश' एवढंच लिहून. त्यामागे न्हाव्यासमोर बसवलेली सोळा वर्षांची पोर कुणाला दिसणार नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना उद्देशून भाषण केलं. तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि गळ्यातल्या-हातातल्या ह्या दागिन्यांवरून तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात, तर ती ओळखच टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतलं, आणि महाडमध्येच लुगडं घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. म्हणजे रॉथफेल्डचं पुस्तक निघून आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती. ज्या पोषाखाची 'महार स्त्री' म्हणून साहेबांनी नोंद केली होती, तो पोषाख त्या स्त्रियांनी स्वतः उतरवला. ह्या प्रसंगाचं चित्र तेव्हा कुणी काढलं नाही. मला वाटतं, पोषाखांच्या इतिहासातला तो सगळ्यांत मोठा दिवस आहे. आणि आज कुणी लोककला, परंपरा म्हणून तेच दागिने हौसेनं घालत असेल तर खुशाल घाला, पण ते कुणी टाकले आणि का, हेही पोरींना सांगा.

नागपूरचीच आणखी एक गोष्ट. जाईबाई चौधरी. जन्म १८९२, उमरेडचा. नागपूर-कामठी भागात त्यांनी ओझी वाहण्याचं काम केलं. धुरंधरांची ओझं वाहणारी बाई पोस्टकार्डांवर छापली जात होती त्याच काळात ही खरी बाई खरं ओझं वाहत होती. एका मिशनरी बाईंच्या मदतीनं त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९२२ साली नागपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. आपल्याला हे ठाऊक आहे ते ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायकांपुढे बसून जे लिहून काढलं त्यामुळे. 'आम्हीही इतिहास घडवला' हे त्यांचं पुस्तक १९८९ साली आलं. त्यात जागोजाग नावं आहेत. कुणाची बायको एवढंच लिहून त्या थांबल्या नाहीत.

२० जुलै १९४२ ला ह्याच नागपुरात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेत बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकेत, रेल्वेत काम करणाऱ्या बायकांना रजा मागितली, पेन्शन मागितलं, गिरणीतल्या बायकांवर देखरेखीला बाईच हवी असं सांगितलं. ते ठराव वाचले की तो चित्रांतला 'कष्टकरी वर्ग' बोलायला लागतो. चित्रातली विडीवाली गप्प असते. ठरावातली विडीवाली रजेचे दिवस मोजून मागते.

आता मी भिंतीकडे परत येते.

आपल्या त्या मैत्रिणीनं विचारलं, चित्रात आपण काहून नाही. मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण मला वाटलं की हा भिंतीपुरता प्रश्न आहे. पंधरा दिवसांनी आम्ही तिच्या नोंदणीसाठी धावपळ सुरू केली. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ साली झाला. मंडळात नाव नोंदवायचं तर मागच्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, हिचं नाव माझ्याकडे नाहीच. हजेरीच्या वहीत नवऱ्याचं नाव, पुढे लिहिलंय 'जोडी'. दोघांची मजुरी नवऱ्याच्या हातात. दोन वर्षं ती चौथ्या मजल्यापर्यंत विटा चढवत होती, आणि वहीत ती जोडीतला अर्धा आकडा होती.

मैत्रिणींनो, तंजावरच्या चित्रात काय होतं? विणकर आणि त्याची बायको. ठेकेदाराच्या वहीत काय आहे? मिस्त्रीचा हेल्पर आणि त्याची जोडी. दोनशे वर्षांत मथळा तोच. म्हणून मी म्हटलं की ह्याचा पगाराशी संबंध आहे. तुमचं काम कुणीतरी पाहिलं, पण ते तुमचं म्हणून लिहिलं नाही, तर दवाखान्याची मदत नाही, बाळंतपणाची मदत नाही, पोरांची शिष्यवृत्ती नाही. सरकारच्या लेखी तुम्ही 'गृहिणी'. जनगणनेचा माणूस दारात येतो, नवऱ्याला विचारतो, बायको काय करते? नवरा म्हणतो, काही नाही, घरीच असते. तेव्हा ती सकाळच्या पाच घरांची भांडी आटपून चौथ्या घरचा पोछा मारत असते... माफ करा, आकडा चुकला. पाचव्या घरचा. तुम्ही हसताय, पण तो गणती करणारा माणूस अशीच चूक करतो, फक्त तो पाचाचा शून्य करतो.

धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांसाठी आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यातही मालकिणीचा दाखला आड येतो. मालकीण चांगली असते, दिवाळीला साडी देते, पण सही म्हटलं की तिचा हात थरथरतो. 'उद्या काही लफडं झालं तर?' असं मला एका शिकलेल्या बाईंनी विचारलं. त्यांच्या हॉलमध्ये जातं ओढणाऱ्या बाईचं मोठं तैलचित्र आहे. ते चित्र त्यांनी काही हजार रुपयांना घेतलं असं त्याच सांगत होत्या. मी त्यांच्यावर रागवत नाही, पुन्हा जाणार आहे त्यांच्याकडे. सही घेतल्याशिवाय सोडायची नाही.

ठेकेदाराच्या बाबतीत आपण असं केलं. त्याच कामावरच्या इतर सात जणींची नावं, कुठल्या महिन्यात कुठला मजला चालू होता, हे सगळ्यांना आठवून आठवून लिहून काढलं. कुणाला पोळा आठवत होता, कुणाला नवरात्र, एकीला तिच्या पोराचा जन्म. त्यावरून दिवस बसवले. छत्तीसगडहून आलेल्या दोघी गावी गेल्या होत्या, त्यांना फोन करून विचारलं. कंत्राटदार तयार नसेल तर गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरी भागात तिथल्या कार्यालयाकडे दाखला मागता येतो, तिथे हा कागद घेऊन गेलो. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीला साहेब नव्हते, दुसऱ्या फेरीला शिक्का नव्हता. तिसऱ्या फेरीला तिघींना दाखला मिळाला. बाकीच्यांचं अजून बाकी आहे.

त्या तिघींपैकी एकीचं कार्ड आलंय. ती आज मागे बसली आहे, तिला लाजवत नाही. कार्डावर तिचा फोटो आहे. फोटो काढायला गेली तेव्हा फोटोवाल्यानं तिला सांगितलं, पदर नीट घ्या, जरा हसा. तिनं मला विचारलं, ताई, हसायचं का? मी म्हटलं, तुझ्या मनावर आहे. फोटोत ती हसलेली नाही. फोटोशेजारी तिचं स्वतःचं नाव आहे, मग नवऱ्याचं, आणि त्याखाली कामाचं नाव.

ह्या कामाच्या नावाबद्दल एक सांगते, कारण आज अर्ज भरताना ते येणार आहे. कामाच्या रकान्यात 'मदतनीस' लिहू नका. तुम्ही विटा वाहता तर विटा वाहते लिहा, गारा करता तर गारा करते लिहा, सेंट्रिंगवर असाल तर तसं लिहा, फरशी घासत असाल तर तेही. यादीतल्या कुठल्या नावात ते बसतं ते आपण मिळून पाहू. घरकामाला जाणाऱ्यांनी किती घरं, कुठलं काम, कुठल्या सालापासून, हे बोटांवर मोजून सांगा, आपल्या दोन कॉलेजच्या मुली लिहून घेतील. आणि ज्यांना त्या सोसायटीच्या भिंतीबद्दल तिथल्या कमिटीशी बोलायचं आहे त्यांनी थांबा. बांधकामावरच्या बायकांचं चित्र तिथे काढा, नावांसकट, अशी मागणी करायची असं तिघी-चौघींनी सुचवलं आहे. मला ते पटतं, पण आधी कार्डं.

चहा आलेला आहे. रविवारी येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आणा. आणि कुणाकडे आईचा, आजीचा, सासूचा काम करतानाचा एखादा जुना फोटो असेल, मिलमधला, शेतातला, संत्र्याच्या बागेतला, विड्या वळतानाचा, तर तोही आणा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तिचं नाव लिहून आणा. 'अमक्याची आई' असं नको, तिचं नाव.